बाबांचं कडू दूध

पहिलीच्या वर्गाला शिकवणाऱ्या बाईला खोकला झाला, ही काही बातमी नाही. पहिलीची पोरं बाईच्या तोंडासमोर उभी राहून शिंकतात. "बाई, पाहा ना, माझा दात हलून राहिला," म्हणत तोंड उघडतात आणि दात दाखवायच्या आधी खोकून दाखवतात. मी तोंडाला रुमाल बांधून पाहिला, पोरांना हातभर लांब उभं करून पाहिलं, ओरडून तर रोजच पाहते. उपयोग शून्य. दिवाळीच्या सुट्ट्या संपून शाळा उघडली की मला खोकला धरतो आणि संक्रांतीचा तिळगूळ खाऊन जातो. इतकी वर्षं मी त्याच्याकडे लक्षसुद्धा दिलं नव्हतं.

पण त्या वर्षी मी आत्या झाले, आणि तोच खोकला माझ्या वाटेत आडवा पडला.

दादाच्या लग्नाला खूप वर्षं झाली होती. दवाखाने झाले, उपास झाले, ज्याला जे सुचले ते सल्ले देऊन झाले. शेवटी लोकांनी विचारायचंही सोडून दिलं, आणि मग वहिनीला दिवस गेले. मी आनंदानं देवासमोर वाटीभर साखर ठेवली आणि सगळी स्वतःच खाल्ली. बाळंतपणाला वहिनी माहेरी गेली, शहराच्या दुसऱ्या टोकाला, लकडगंजला. पोरगी वेळेच्या आधीच आली, अगदी एवढीशी. काही दिवस दवाखान्यात काचेच्या पेटीत राहिली आणि मग घरी आली. घरी पाठवताना डॉक्टरांनी बजावलं, की सर्दी-खोकल्याचं माणूस बाळाच्या खोलीत पाऊल टाकणार नाही.

आता दोन्ही घरांत मिळून सर्दी-खोकल्याचं माणूस कोण? मीच.

राग आला. का येऊ नये? वहिनीच्या माहेरी लाकडाचा धंदा, घराच्या खालीच आरा मशीन. पायऱ्यांवर भुसा, गाड्यांवर भुसा, वाळत घातलेल्या कपड्यांवर भुसा. तो भुसा चालतो आणि सख्खी आत्या चालत नाही! मी दादाला फोनवर हे ऐकवलं. तो म्हणाला, "अगं, बाळाची खोली मागच्या बाजूला आहे. खिडक्या बंद असतात."

"मग मीही तोंड बंद ठेवीन."

"तू?" असं म्हणून तो हसायला लागला, आणि तेवढ्यात मला अशी ढास लागली की फोनच ठेवावा लागला.

आमच्याकडे बाळाचं नाव आत्या ठेवते. पाळण्यावर वाकून कानात कुर्रर्र करते, नाव सांगते, आणि त्याच क्षणी मागे उभ्या असलेल्या बाया तिच्या पाठीत धपाधप गुद्दे घालतात. का घालतात ते मला आजवर कोणी सांगितलेलं नाही. बहुतेक नणंदेला चारचौघांत बडवायची एवढीच एक सोय असावी. मी दादाची एकुलती एक बहीण. हे गुद्दे खायला मी कधीची पाठ तयार ठेवून बसले होते. नावसुद्धा ठरलेलं होतं. आईला एकदा सांगितलं होतं, तिला आवडलं होतं. आई गेल्यापासून ते नाव माझ्या एकटीच्या पोटात होतं आणि मी ते कोणालाही सांगायला तयार नव्हते. बाळाच्या कानात पहिल्यांदा मीच सांगणार. मला दुसरं काही नको होतं.

बाळाचं वजन भरलं नव्हतं म्हणून बारसं पुढे ढकललं. संक्रांत होऊन जाऊ द्या, मग पाहू, असं ठरलं. मी म्हटलं, छान, माझा खोकलाही संक्रांतीलाच जातो. तोवर बाळ फोनच्या पडद्यावर पाहायचं. वहिनी रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल लावायची. मी पडद्याला नाक लावून बसायची. "पाहा, पाहा, जांभई दिली! पाहा, मूठ उघडली!" असं माझं चालायचं.

बाबा मात्र कधी पडद्यासमोर आले नाहीत. फोन लागला की ते स्वयंपाकघराच्या दारात स्टुलावर बसायचे आणि कान देऊन ऐकायचे. "या ना इकडे," म्हटलं की म्हणायचे, "मले ऐकू येते ना इथून." लकडगंजला जायचंही त्यांनी नाव काढलं नाही. मी धरून चालले की माझ्यासोबत एका घरात राहतात म्हणून त्यांनाही तिकडून बंदी असणार. त्याचाही राग मी मनातल्या मनात वहिनीच्या आईवर काढून घेतला.

बाबा म्हणजे खापरखेड्याच्या वीज केंद्रात उभा जन्म बॉयलरपाशी काढलेला माणूस. निवृत्त झाल्यावर आम्ही शहराच्या कडेला, बेसाला छोटं घर बांधलं. दादा-वहिनीचं बिऱ्हाड वेगळं, त्यामुळे आई गेल्यावर त्या घरात आम्ही दोघंच उरलो. मी लग्न केलं नाही. का केलं नाही हे विचारणाऱ्यांना मी पहिलीच्या पोरांसारखं कोपऱ्यात उभं करते. सकाळी मी चहाला उठले की माझी ढास सुरू व्हायची, आणि बाबा वर्तमानपत्र खाली ठेवून यायचे. दोन्ही खांद्यांच्या मधोमध एक हलका गुद्दा. थांबायचं. परत एक. तोंडानं काही नाही. ढास थांबली की जाऊन परत वर्तमानपत्र उचलायचे.

तर अशाच एका संध्याकाळी वहिनीचा फोन आला आणि सगळा घोटाळा तिथून सुरू झाला.

वहिनी एका डेअरीच्या प्रयोगशाळेत दूध तपासायच्या कामावर आहे. बाळंतपणाच्या रजेवर होती, पण डोकं तिकडेच. मला म्हणाली, "ताई, मला फार वाईट वाटतं हो. तुम्ही रागावल्या आहात ना?"

"छे!" मी म्हटलं. इतकं धडधडीत खोटं मी शाळेत तपासणी असते तेव्हाही बोलत नाही.

मग ती सांगायला लागली. तिच्या डेअरीत म्हणे दुधातल्या प्रोटीनवर काम चाललं आहे. प्रोटीन म्हणजे लांबच लांब माळ. त्या माळेचे बारीक तुकडे केले की त्यांना पेप्टाइड म्हणतात. त्यातले काही तुकडे शरीराच्या रोगाशी लढणाऱ्या पेशींना जागं करतात, असं प्रयोगशाळेत दिसलं आहे. "पण ताई, माणसाला त्याचा किती फायदा होतो हे अजून पक्कं नाही हं. मी आपलं सांगते. दही-ताकातही थोडे असतात. तुम्ही ताक घेत जा दुपारचं."

एवढ्यावर थांबली असती तर काय बिघडलं असतं? पण स्टुलावरून प्रश्न आला, "आन माळ कापते कोण, सूनबाई?"

सासऱ्यानं आपल्या कामातलं काही विचारलं याचंच वहिनीला कौतुक. ती खुलली. "एन्झाइम टाकतो बाबा आम्ही. ते कात्रीसारखं प्रोटीन कापत जातं."

बाबांनी मान डोलावली. मग म्हणाले, "म्हणजे मटणाले कच्ची पपई लावतो तसंच म्हण ना."

"अगदी तसंच बाबा!" वहिनी हसली. "पपईतही तेच असतं. फक्त दुधाचं फार कडू होतं. तुकडे बारीक झाले की कडूपणा येतो. आमच्याकडे तो लपवायला चॉकलेटचा वास घालतात."

फोन ठेवला. बाबा उठून मागच्या अंगणात गेले आणि पपईच्या झाडाकडे मान वर करून पाहत उभे राहिले. मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं.

आमच्या घरी रविवारचं मटण बाबा करतात. मला हात लावू देत नाहीत. मागच्या अंगणातली कच्ची पपई, सालीसकट, चिकासकट वाटायची आणि मटणाला चोळून ठेवायची. मग ते मटण असं शिजतं की हाड हातात धरलं तर मांस आपोआप ताटात. अख्ख्या कॉलनीत त्या मटणाचं नाव आहे. जो माणूस पपईनं बोकडाला वठणीवर आणतो तो दुधाला काय सोडणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वयंपाकघरात गेले तर ओट्यावर म्हशीच्या दुधाचा गंज, म्हणजे मोठं पातेलं, त्यावर झाकण, झाकणावर जुना टॉवेल. बाजूला बाबा घड्याळाकडे पाहत उभे, हात मागे बांधलेले. बॉयलरपाशी पाळीवर उभे असायचे तसे.

"हे काय चाललंय?"

"तुह्या औषधाचं काम चालू आहे. झाकण उघडू नको. टेंपरेचर पडते."

ते दूध आधी थिजलं, मग फुटलं, मग त्याला पाणी सुटलं. बाबांनी ते धोतराच्या फडक्यातून गाळलं आणि स्टीलच्या ग्लासात भरून माझ्यासमोर ठेवलं. मी एक घोट घेतला. अरे बाप्पा! कारलं परवडलं. जीभ आत ओढली गेली, डोळ्यांत पाणी आलं, कानसुद्धा गरम झाले.

"कडू आहे?" बाबांनी विचारलं.

"विष आहे!"

"मग बरोबर झालं," ते म्हणाले आणि त्यांचा चेहरा असा फुलला की मी उरलेला ग्लास डोळे मिटून संपवला. आई गेल्यापासून हा माणूस इतका खूश कधी दिसला नव्हता. मी कशी नाही म्हणणार?

त्या दिवसापासून रोज सकाळी ग्लास. वहिनीनं कडूपणाचं सांगून ठेवल्यामुळे बाबांना मीटरच मिळाला होता. ग्लास संपेपर्यंत समोर उभे राहायचे आणि विचारायचे, "कालच्यापक्षा जास्त का कमी?" मी एकदा चुकून "कमी" म्हटलं, तर दुसऱ्या दिवशी पपई दुप्पट. मग शहाणी झाले. ग्लास तोंडाला लागायच्या आधीच म्हणायची, "जास्त, बाबा, खूप जास्त!" तेव्हा कुठे पपईचं प्रमाण एका जागी थांबलं.

"निदान उकळून तरी द्या," मी एकदा म्हटलं.

"काहून? उकळलं का सारा गुण मरते. तुले काही समजत नाही."

उभा जन्म बॉयलरपाशी गेला आणि नेमकी याच एका वस्तूला आच लावायला ते तयार नव्हते.

एकदोनदा मी ग्लास घेऊन मागच्या दारी गेले, आणि कॉलनीतल्या बोक्यासमोर बशीत थोडं ओतलं. हा बोका आमच्या घरचं सांडलेलं कालवणही सोडत नाही. त्यानं जीभ लावली, माझ्याकडे पाहिलं, आणि जो गेला तो कितीतरी दिवस आमच्या भिंतीवर फिरकला नाही. बाबा खिडकीत उभे होते. म्हणाले, "त्याले कायची इम्युनिटी? तू पिऊन घे."

बरं, हे घरातल्या घरात राहिलं असतं तर ठीक. पण बाबा सकाळी बागेत फिरायला जातात आणि तिथे त्यांच्यासारखेच चार निवृत्त भेटतात. बाबांनी तिथे पेप्टाइडवर भाषण दिलं. त्यांनी माळ समजावली, कात्री समजावली, बोकड समजावला. दुसऱ्या दिवशी फिरून येताना ती सगळी मंडळी आमच्या दारात. बाबांनी सगळ्यांना अर्धा अर्धा कप दिला. एकानं घोट घेतला आणि तोंड धुवायला गेला तो आलाच नाही. दुसऱ्यानं मात्र कप रिकामा केला, उठून दोन पावलं चालून पाहिलं आणि जाहीर केलं, "भाऊ, टोंगळा मोकळा झाला!" गुडघ्याचा आणि या दुधाचा काय संबंध हे विचारायची सोय नव्हती. तो माणूस आता रोज यायला लागला. बाबा मला ऐकू जाईल अशा आवाजात त्याला म्हणायचे, "पाहा, तुमाले फरक पडला. आमच्या पोरीचाच खोकला मोठा भैताड आहे."

आणि खरंच, खोकला हलेना. संक्रांत आली. मी शाळेत पोरांना तिळगूळ वाटला, स्वतः खाल्ला, खोकल्यालाही मनातल्या मनात दिला आणि म्हटलं, घे बाबा, निघ आता. तो निघाला नाही. उलट घसा सारखा खाजायला लागला. आतून कोणी बोट फिरवल्यासारखी खाज, आणि खाजलं की ढास.

तिकडे बाळाचं वजन भरलं. डॉक्टरांनी हो म्हटलं, रविवार ठरला. दादाचा फोन आला, आवाज मऊ. दादाचा आवाज मऊ झाला की समजावं, काहीतरी वाईट सांगणार आहे.

"तुझा खोकला कसा आहे?"

"आहे."

"म्हणजे असं की, इकडे आई म्हणत होत्या," म्हणजे वहिनीची आई, "की समजा तुला नाहीच जमलं, तर वर्ध्याची आपली चुलतबहीण, तीही आत्याच ना? नाव ठेवण्यापुरती. तू व्हिडिओवर असशीलच."

मी काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. दादा ऐकून घेतो, तेवढा त्याचा गुण आहे. पण खरा कहर पुढे. तासाभरात वर्ध्याच्या बहिणीचाच फोन. तिनं साडीसुद्धा काढून ठेवली होती, मोरपंखी. "तू काय नाव ठरवलं होतं गं? सांग ना, तेच ठेवू." तेच ठेवू! माझ्या पोटातलं नाव मी हिला फोनवर काढून देऊ? मी म्हटलं, "माझं नाव माझ्याजवळ राहू दे. तू साडी इस्त्री कर." फोन ठेवला आणि उशीत तोंड खुपसून रडले. मला त्या पोरीच्या कानाशी जायचं होतं हो. बाकी कोणाचं काही मागितलं नव्हतं मी.

दुसऱ्या दिवशी शाळेतून परस्पर आमच्या कॉलनीतल्या डॉक्टरांकडे गेले. आजवर त्यांच्याकडे जायचं मी टाळत होते, कारण ते दरवेळी म्हणतात, नोकरी बदला. त्यांनी छाती तपासली, टॉर्चनं घसा पाहिला. म्हणाले, "छाती तर स्वच्छ आहे. घसा मात्र सोलल्यासारखा लाल. तिखट काय खाता?"

"काही नाही. रोज सकाळी फक्त दूध."

"कसलं दूध?"

मी सांगितलं. पपई, साल, चीक, फडकं, सगळं. डॉक्टरांनी आधी पेन खाली ठेवलं, मग चष्मा काढला, मग हसू दाबता दाबता त्यांचे खांदे हलायला लागले. "बाई, पपईचा कच्चा चीक आहे तो! मटण मऊ करतो तो. तुमचा घसा काय दगडाचा आहे? तुमचा खोकला केव्हाच बरा झालेला दिसतोय. हा जो आहे तो तुम्ही रोज सकाळी ग्लासातून पीत आहात."

म्हणजे ज्या दुधानं मी बाळापाशी पोहोचणार होते, त्याच दुधानं मला बेसात अडकवून ठेवलं होतं.

घरी येईपर्यंत मी ठरवत होते की बाबांना गोडीनं सांगायचं. घसा जरा दुखावला आहे, डॉक्टरांनी दूध बंद सांगितलं आहे, असं काहीतरी. पण दारात पाय ठेवला तर ओट्यावर उद्याचा गंज तयार, टॉवेलसकट, आणि बाबा विचारतात, "काय म्हणे डॉक्टर? दुधाचं सांगितलं का त्यायले?"

आणि माझा तोल गेला. "सांगितलं! तुमच्या दुधानंच माझा खोकला राहिला! घसा सोलून निघाला माझा! ती वर्ध्याची मोरपंखी नेसून नाव ठेवणार आता, आणि मी इथे तुमची पपई पीत बसते!"

बाबांनी गंजावरचा टॉवेल काढला, त्याची घडी केली. दूध मोरीत ओतलं. गंज घासून पालथा घातला. मग बाहेर जाऊन पायरीवर बसले. मी त्यांना जेवायला हाक मारली तेव्हा आले, जेवले, ताट उचलून ठेवलं. ते एक शब्द जरी उलटा बोलले असते तर मला बरं वाटलं असतं. मला माझ्या जिभेचा इतका संताप कधी आला नव्हता.

सकाळी जाग आली ती कोयत्याच्या आवाजानं. मागच्या दारी जाऊन पाहते तर पपईचं झाड आडवं. हिरव्या पपया अंगणभर घरंगळलेल्या, आणि बाबा कोयता हातात घेऊन खोडाचे तुकडे करत होते.

"बाबा! झाड काहून तोडलं?"

"कायले पाहिजे ते?" त्यांनी वर न पाहता म्हटलं. "तुले तरास झाला त्याचा."

"आणि रविवारचं मटण?"

"कुकरात शिजते लोकायचं. आपलंही शिजन."

मला हसूही येईना आणि रडूही आवरेना. झाडाची काय चूक होती? आणि बाबांची तरी काय चूक होती? मी तिथेच खाली बसले आणि पपया गोळा करायला लागले. तेवढ्यात ढास लागली. बाबांनी कोयता ठेवला, हात पायजम्याला पुसले, आणि पाठीत नेहमीच्या जागी एक हलका गुद्दा घातला.

वहिनीला हे सगळं कळलं तेव्हा ती फोनवर आधी किंचाळली. "बाबा, आम्ही शेवटी ते तापवतो! तापवलं की एन्झाइम बंद पडतं. नाहीतर ते पोटात जाऊनही कापतच राहील!" बाबा स्टुलावरून म्हणाले, "हे पयले सांगावं लागते ना, सूनबाई." मग वहिनी रडायला लागली, की माझ्याच बोलण्यानं झालं. मग मी तिची समजूत घातली. दुपारचं साधं ताक तेवढं चालू ठेवलं. गुडघ्याचा माणूस पुढेही बरेच दिवस दारात येऊन विचारायचा, "आज नाही का केलं?" बाबा त्याला आत न घेता गेटवरूनच म्हणायचे, "प्लांट बंद झाला."

आणि घसा निवळला. मी रोज सकाळी उठून आधी गिळून पाहायची, मग मोठ्यानं अख्खी बाराखडी म्हणायची. शनिवारी ती न खोकता ज्ञ पर्यंत गेली. मी दादाला फोन केला आणि पहिल्यापासून पूर्ण म्हणून दाखवली. पलीकडून तो म्हणाला, "ये." एवढंच म्हणाला, पण आवाज मऊ नव्हता.

रविवारी मी आणि बाबा गाडीवर निघालो. लकडगंजचं घर माणसांनी भरलेलं. पायऱ्यांवरचा भुसा मला त्या दिवशी फुलांसारखा वाटला. वर्ध्याची बहीण मोरपंखी साडीत दारातच उभी होती, वेळ पडली तर म्हणून. मला पाहून म्हणाली, "बरी झालीस का गं?" मी म्हटलं, "ठणठणीत." आत पाळणा सजवलेला, घुगऱ्यांची ताटं भरलेली. मी आत शिरले आणि मागे वळून पाहते तर बाबा उंबरठ्याबाहेरच थांबलेले, तोंड रस्त्याकडे करून.

"या ना बाबा."

"तू हो पुढं. मी आहे इथं."

वहिनीच्या आई घुगऱ्यांचं ताट घेऊन माझ्याजवळ आल्या. या बाईवर मी किती दिवस राग धरून होते! त्या म्हणाल्या, "आता तरी येतील ना ते आत? मी किती वेळा फोन केला त्यांना, तुम्हाला खोकला नाही, तोंडाला बांधून या आणि लांबून नात पाहून जा. ऐकलंच नाही. म्हणाले, पोरगी घरी खोकत बसली आहे, तिच्या आधी मी कसा पाहू? ती पाहील तेव्हा मी पाहीन. फोटो पाठवते म्हटलं तर म्हणे, नको."

मला आठवलं ते स्टूल. "मले ऐकू येते ना इथून." म्हणजे या माणसानं इतके दिवस आपल्या एकुलत्या एका नातीचं तोंड पडद्यावरसुद्धा पाहिलं नव्हतं. जांभई दिली, मूठ उघडली, हे मी ओरडून सांगायची आणि तो दारात बसून ऐकायचा. आणि मी त्याला म्हटलं होतं, तुमच्या दुधानं!

बायांनी मला पाळण्यापाशी ढकललं. मी वाकले. तांबूस कपाळ, मिटलेले डोळे, ओठांवर दुधाचा थेंब. कान तर माझ्या करंगळीच्या नखाएवढा. कुर्रर्र केलं. आणि नाव सांगायला गेले तर आवाजच फुटेना.

"खोकला आहे का?" मागून वर्ध्याची बहीण पुढे सरकत म्हणाली.

"नाही!" मी ओरडले, आणि त्या ओरडण्यानं गळा मोकळा झाला. मी पोरीच्या कानात नाव सांगितलं. काय सांगितलं ते तिला माहीत आहे.

आणि मग पाठीत धपाधप. वहिनीच्या बहिणी, मावश्या, मोरपंखी, सगळ्यांनी हात धुऊन घेतले. दोनतीन गुद्दे तर मनापासून होते. मी पाळण्याची दांडी धरून हसत होते. सगळ्या थांबल्या. मी सरळ व्हायला लागले आणि तेवढ्यात आणखी एक पडला. हलका, दोन्ही खांद्यांच्या मधोमध, नेहमीच्या जागी.

"अहो, पुरुषांनी नाही मारायचं!" बायांनी गलका केला.

मी मागे न पाहता बाजूला सरकले. "बाबा, पाहा आता."

बाबा पाळण्यावर वाकले. मग एक बोट पुढे करून पोरीच्या मुठीला लावलं आणि म्हणाले, "काय वं पोट्टे, लय वाट पाहायले लावली तुह्या आत्यानं."

"आत्यानं नाही," मी म्हटलं, "आजोबांच्या पपईनं."

बाबा हसले. झाड पाडल्यापासून पहिल्यांदाच हसले, आणि हसता हसता त्यांना ठसका लागला. वहिनीच्या आईनं "अगं बाई, खोकला!" म्हणत पाळणा दोन हातांनी मागे ओढला. मी बाबांच्या मागे गेले आणि त्यांच्या दोन्ही खांद्यांच्या मधोमध एक हलका गुद्दा घातला. थांबले. मग आणखी एक.